बिनियम गिरमाय : अस्मारा ते हिरवी जर्सी, आणि त्यानंतरचं कोरडं वर्ष

चढउतार

पोगाचार मोठा की विंगेगार यावरून मागे इथे दोनशे प्रतिसादांची हाणामारी झाली होती, म्हणजे टूर द फ्रान्स (फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत) बघणारी मंडळी इथे आहेत. हा धागा त्या दोघांचा नाही. इरिट्रियाचा सायकलपटू बिनियम गिरमायचा आहे. २०२५ च्या मोसमात त्याने एकही शर्यत जिंकली नाही, आणि लगेच ‘एका मोसमाचा पाहुणा’ वगैरे सुरू झालं. ते वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलो.

गिरमायचा जन्म २ एप्रिल २००० चा, पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियाची राजधानी अस्मारा इथला. २०१८ साली रवांडात झालेल्या आफ्रिकन अजिंक्यपद स्पर्धेत ज्युनियर गटात त्याने तीन सुवर्णपदकं घेतली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या एग्ल इथल्या जागतिक सायकलिंग केंद्रात त्याला प्रशिक्षण मिळालं. हे केंद्र यूसीआयचं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचं. सायकलिंगची व्यवस्था नसलेल्या देशांतली पोरं इथे आणून, त्यांना युरोपातल्या शर्यतींत उतरवलं जातं. तिथून बेल्जियममध्ये एका ज्युनियर शर्यतीला गेला आणि एका टप्प्यात चक्क त्या वर्षीच्या ज्युनियर जगज्जेत्या रेम्को एव्हनपूलला मागे टाकलं. त्या वर्षी ज्युनियर गटात एव्हनपूलच्या पुढे जाणं ही काय चीज होती, हे जाणकारांना सांगायला नको.

पुढे डेल्को हा फ्रेंच संघ. तो पैशाअभावी डबघाईला आला, तेव्हा २०२१ च्या ऑगस्टमध्ये, ऐन मोसमात, गिरमाय बेल्जियमच्या इंटरमार्शे संघात गेला. नाव सुपरमार्केटचं, बजेट मोठ्या संघांच्या मानाने बेताचं. महिनाभरात जागतिक स्पर्धेत २३ वर्षांखालच्या गटात रौप्य.

मग २७ मार्च २०२२. बेल्जियममधली एकदिवसीय शर्यत, गेंट–वेव्हेलगेम. मुळात तो या शर्यतीत उतरणारच नव्हता. शुक्रवारी ई-थ्री शर्यतीत पाचवा आला, म्हणून रविवारी थांबवून घेतलं. जवळपास अडीचशे किलोमीटरनंतर चौघे पुढे सुटले: लापोर्त, स्टायव्हन, फान गेस्टेल आणि हा. बाकीचे तिघे एकमेकांकडे बघत असताना याने लांबूनच स्प्रिंट सुरू केली आणि शेवटपर्यंत कुणाला बाजूला येऊ दिलं नाही. दगडी रस्त्यांची मोठी क्लासिक, म्हणजे जुनी मानाची एकदिवसीय शर्यत जिंकणारा पहिला आफ्रिकन. पुढच्याच रविवारी टूर ऑफ फ्लँडर्स होती. अख्खा बेल्जियम म्हणत होता, थांब. तो बायको आणि तान्ह्या मुलीला भेटायला सरळ घरी अस्माराला गेला. आधीच ठरलं होतं म्हणे. मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा हे जास्त आवडतं.

जिरोचं, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीतलं बूच-प्रकरण माहीत असेलच. १७ मे २०२२, दहावा टप्पा, पेस्कारा ते येझी. शेवटच्या चढत्या रस्त्यावर याने नेदरलँड्सच्या व्हान डर पूलला हरवलं, आणि शेवटच्या काही मीटरांत व्हान डर पूलने स्वतःच अंगठा वर करून दाद दिली. मग व्यासपीठावर प्रोसेकोची बाटली खाली ठेवून उघडायला गेला आणि बूच उडून डाव्या डोळ्यात. सरळ रुग्णालय, आणि स्पर्धेतून बाहेर.

२०२३ च्या फ्लँडर्समध्ये पडून डोक्याला मार. २०२४ च्या जिरोत एकाच दिवसात दोनदा पडून माघार. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत टूरचा तिसरा टप्पा, पियाचेंझा ते ट्युरिन, २३० किलोमीटर. शेवटच्या तीन किलोमीटरांत अपघात होऊन जथ्था फुटला होता. जे पुढे उरले त्यांत गिरमाय बॅरिकेडला खेटून निघाला. टूरचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन, आणि त्याच्या संघाचाही टूरमधला पहिलाच विजय. मग आठवा टप्पा, मग बारावा. शेवटी नीसला पोचला तेव्हा अंगावर हिरवी जर्सी होती, म्हणजे टप्प्यांच्या आणि मधल्या स्प्रिंटच्या गुणांत तो सगळ्यांत पुढे.

माझं म्हणणं एवढंच: हा माणूस हरवला-बिरवला नाहीये. प्रत्येक मोठ्या विजयाच्या अलीकडे-पलीकडे त्याचे वाईट दिवस आहेतच. कोरड्या वर्षानंतर संघ पुन्हा उभं करतो की नाही, आणि कुठल्या शर्यतीत उतरवतो, यावर पुढचं ठरतं. आफ्रिकेतून आलेल्या सायकलपटूचं घोडं पायांत क्वचितच अडतं. अडतं ते शर्यती मिळण्यात.

---

खडूस_नं_१

लेख चांगला, पण जरा हात आखडता घ्या. हिरवी जर्सी त्याला बेल्जियन स्प्रिंटर फिलिपसनच्या चुकीने मिळाली. शेवटचे गुण आठवा: गिरमाय ३८७, फिलिपसन ३५४. फरक ३३. सहाव्या टप्प्यात दिजोंला फिलिपसन दुसरा आला होता, पण व्हान आर्टला बॅरिकेडकडे ढकलल्याबद्दल त्याला गटाच्या तळाशी टाकलं. सपाट टप्प्यात दुसऱ्याला ३० गुण असतात. फरक जवळजवळ तिथेच मिटतो. शिवाय जर्सीचा आणखी एक दावेदार पेडरसन पडून घरी गेला होता.

---

चढउतार

खडूसराव, हिशोब करायचाच तर पूर्ण करू. सोळावा टप्पा, नीम. शेवटच्या दीड-दोन किलोमीटरांत वाहतूक बेटाजवळ गिरमाय पडला, फिलिपसनने टप्पा जिंकून पहिल्या क्रमांकाचे ५० गुण नेले. पडला नसता तर गिरमायने काही गुण घेतलेच असते ना? दुसऱ्या दिवशी हाताला-गुडघ्याला पट्ट्या बांधून तो परत मधल्या स्प्रिंटसाठी झगडत होता. ही जर्सी एका दिवसाच्या वेगाची नसतेच. तीन आठवडे दररोज मधल्या रेघेवर जाऊन दोन-चार गुण वेचायचे, डोंगरात वेळमर्यादेच्या आत पोचायचं, आणि उद्या पुन्हा तेच. आणि बाजूच्याला बॅरिकेडकडे ढकलू नये, हा नियम गिरमायने केलेला नाही.

---

बकुळावती

सायकलिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा आली. एक प्रश्न. ‘पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन’ असं का म्हणतात? पहिला आफ्रिकन का नाही? आणि ख्रिस फ्रूम केनियाचा ना?

---

चढउतार

बकुळाताई, फ्रूम जन्माने नैरोबीचा, पण टूर जिंकला तो ब्रिटनच्या झेंड्याखाली. आणि आफ्रिकन म्हणून टप्पा जिंकणारा पहिला दक्षिण आफ्रिकेचा रॉबर्ट हंटर, २००७ मध्ये माँपेलियेला. २०१३ मध्ये त्याच देशाच्या डॅरिल इम्पीने पिवळी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची जर्सीही घातली. दोघेही गोरे. म्हणून ते लांबलचक विशेषण लावावं लागतं. हिरवी जर्सी मात्र कुठलंही विशेषण न लावता पहिला आफ्रिकन गिरमायच.

त्याच्या आधीचं एक नाव विसरू नका: डॅनिएल टेक्लेहायमानोत. हाही इरिट्रियाचा. २०१५ च्या टूरमध्ये सहाव्या टप्प्यानंतर त्याने लाल ठिपक्यांची जर्सी घातली, म्हणजे आपल्या मुंबई–पुणे शर्यतीच्या भाषेत घाटाचा राजा. तेव्हा तो आणि मेरहावी कुदुस हे दोघे एमटीएन-क्यूबेका या दक्षिण आफ्रिकी संघातून आले होते. गिरमाय तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

---

मास्तर_निवृत्त

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मी या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षे अस्मारानजीक माय नेफी येथील तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होतो. त्या काळी तिथे भारतीय प्राध्यापक पुष्कळ होते, आमच्या गटात मराठीही बरेच. त्यामुळे हे नाव वाचून राहवले नाही.

अस्मारा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. नवीन माणसाला पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते. डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. प्रत्येक भारतीय कुटुंबाने प्रेशर कुकर इथूनच नेलेला असे, आणि सुट्टीहून परतणाऱ्याच्या सामानात कुकरच्या रिंगा हमखास असत. त्या हवेत तिथली पोरे सकाळी सहाला सायकलवर असत.

शहराचा मुख्य रस्ता म्हणजे हार्नेट अव्हेन्यू. दुतर्फा ताडाची झाडे, इटालियनांनी बांधलेली थिएटरे आणि कॅफे. १९३७ चे सिनेमा इम्पेरो अजून दिमाखात उभे आहे. (पुढे २०१७ मध्ये युनेस्कोने अख्खे शहरच जागतिक वारसा यादीत घेतले.) रविवारी सकाळी कधी कधी हाच रस्ता बंद करून शर्यत लावत. तेच वळण पुन्हा पुन्हा. कॅफेबाहेर सूट आणि टोपी घातलेले म्हातारे छोट्या पेल्यातली माकियातो घेऊन बसलेले. जथ्था यायच्या आधी पोलिसाची मोटारसायकल, मग क्षणभर साखळ्यांची एकच सळसळ, आणि गेले. म्हातारे लगेच कोण कितव्या नंबरवर आहे यावर वाद घालायला लागत. माझ्या वर्गात सोमवारी निम्म्या मुलांना आदल्या दिवशीचा निकाल तोंडपाठ असे आणि शुक्रवारचा धडा आठवत नसे.

मासावा बंदराकडे उतरणारा रस्ता बघितल्याशिवाय तिथले सायकलपटू कळत नाहीत. शंभरेक किलोमीटरमध्ये २,३०० मीटरवरून थेट लाल समुद्र. वर स्वेटर, खाली घामाच्या धारा. उतरणे सोपे, परत वर यायचे असते.

---

गॅलरीतला प्रेक्षक

मास्तर, सुंदर लिहिलंत. म्हणजे शेवटी इटालियनांनी सायकल आणली म्हणून गिरमाय घडला. आपल्याकडे इंग्रजांनी क्रिकेट आणलं तसंच.

---

मास्तर_निवृत्त

इतके सरळ नाही हो. इटालियन १८९० पासून १९४१ पर्यंत तिथे राज्य करत होते. सायकल त्यांनी आणली हे खरे, पण क्लब आणि शर्यती त्यांच्या स्वतःसाठी. स्थानिकांनी त्यांच्याबरोबर शर्यतीत उतरायचे नाही. मुसोलिनीच्या काळात तर वंशभेदाचे कायदेच झाले. १९३९ मध्ये आपले श्रेष्ठत्व दाखवायला म्हणून त्यांनी एकदाची एकत्र शर्यत लावली, आणि ती जिंकली गेब्रेमारियम गेब्रू या इरिट्रियन माणसाने. हे नाव तिथे शाळकरी मुलालाही माहीत असते. १९४६ मध्ये इरिट्रियाची स्वतःची ‘जिरो’ भरली, पण नंतर इथिओपियाचा अंमल आणि तीस वर्षांचे स्वातंत्र्ययुद्ध. स्वातंत्र्य १९९३ मध्ये, आणि ती शर्यत पुन्हा सुरू झाली २००१ मध्ये. मधला सगळा काळ लोकांनी सायकल धरून ठेवली ती स्वतःच्या हिमतीवर. श्रेय द्यायचे तर मी कॅफेबाहेरच्या म्हाताऱ्यांना देईन.

---

ल्युवेनकर

इथे ल्युवेनला राहतो, त्यामुळे थोडं डोळ्यांनी पाहिलेलं. २०२१ ची जागतिक स्पर्धा आमच्याच गावात संपली. २३ वर्षांखालच्यांच्या शर्यतीत इटलीचा बारोन्चिनी एकटा पुढे निघून गेला आणि मागच्या घोळक्याची स्प्रिंट गिरमायने जिंकली. मी रेघेच्या पुढे, जिथे काहीच नीट दिसत नाही तिथे उभा होतो. मला कळलं ते शेजारच्या इरिट्रियन कुटुंबामुळे. आजी पांढऱ्या सुती शालीत, नातवंडांच्या हातात झेंडे, आणि दुसरा नंबर आला तर पहिला आल्यासारखा दंगा. शेजारचा बेल्जियन माणूस गोंधळून विचारत होता, जिंकला तर इटालियन ना?

आता गेल्या काही वर्षांत इथल्या प्रत्येक शर्यतीला निळा-हिरवा-लाल झेंडा दिसतो. त्यात एक अवघड भागही आहे. इथले बरेच इरिट्रियन बेमुदत लष्करी सेवेला कंटाळून जीव धोक्यात घालून देश सोडून आलेले आहेत. काही सरकारच्या बाजूचे, काही कट्टर विरोधात, एकमेकांच्या कार्यक्रमांना जात नाहीत. शर्यतीच्या कडेला मात्र दोन्हीकडचे असतात. निदान पाच तास.

---

खडूस_नं_१

बरं, ‘शर्यती मिळण्यात अडतं’ म्हणजे नक्की काय, हे चढउतार यांनी सांगितलेलंच नाही. टॅलेंट असेल तर कुणीही घेईल की. संघांना जिंकायचंच असतं.

---

चढउतार

ठीक आहे, सविस्तर.

बेल्जियममधला सतरा वर्षांचा पोरगा शनिवारी-रविवारी घरापासून तासाभरावर शंभर-दीडशे जणांच्या जथ्थ्यात शर्यत करतो. पाऊस, बाजूचा वारा, दगडी रस्ता, अरुंद गल्ली, कोपरावर कोपर. वीस वर्षांचा होईपर्यंत हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. अस्मारातल्या पोराकडे चढ आहे, विरळ हवा आहे, पण एवढा मोठा जथ्था नाही आणि तसा वारा नाही. प्रयोगशाळेत बसवून वॅट मोजले तर दोघे सारखे निघतील. पण गेंट–वेव्हेलगेममधल्या केमेलबर्ग टेकडीच्या वीस टक्क्यांहून जास्त चढाच्या दगडी रस्त्यावर जथ्थ्यात साठावा शिरलात तर पुढे कुणीतरी घसरणार आणि तुम्ही पाय खाली टेकणार. तिथे पहिल्या पंधरात शिरायची अक्कल शर्यती करूनच येते.

आणि शर्यती करायच्या तर व्हिसा लागतो. इरिट्रियाचा पासपोर्ट घेऊन शेंगेन व्हिसा म्हणजे काय, हे आपल्यातल्या परदेशी फिरणाऱ्यांनी कल्पना करून बघावं. व्हिसा वेळेत आला नाही म्हणून स्पर्धा हुकलेले इरिट्रियन सायकलपटू कितीतरी आहेत. संघाच्या व्यवस्थापकाला शुक्रवारी ठरवायचं असतं की रविवारी कोण उतरणार. ज्याच्या कागदपत्रांचा भरवसा नाही त्याच्याऐवजी तो शेजारच्या गावातला जरा कमी गुणाचा पोरगा घेतो. टॅलेंट असूनही. गेंट–वेव्हेलगेम आठवा: गिरमाय ऐन वेळी उतरू शकला, कारण तो तिथे हजर होता.

म्हणून आफ्रिकेतल्या शर्यतींचं महत्त्व. गॅबॉनमधल्या अमिसा बोंगो स्पर्धेत युरोपातले संघ जायचे. २०१९ मध्ये, अठराव्या वर्षी, गिरमायने तिथे एक टप्पा त्यांच्या नाकावर टिच्चून जिंकला. टूर ऑफ रवांडाचंही तसंच, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर जागतिक स्पर्धाच किगालीला झाली, आफ्रिकेत पहिल्यांदा. मोठे संघ दारात आले की व्हिसाचा प्रश्न निदान एका बाजूने सुटतो.

---

सायकलवाली_सखी

याच चष्म्यातून मी आपली पुणे ग्रँड टूर बघितली. यूसीआयच्या वर्गवारीत तिचा दर्जा २.२, टूर ऑफ रवांडाचा २.१, म्हणजे रवांडा एक पायरी वर. परदेशी संघ आले, आपल्या पोरांना आंतरराष्ट्रीय जथ्थ्यात चार दिवस कोपर घासायला मिळालं, हेच मोठं. पण त्यावरून लगेच ‘आपला गिरमाय कधी’ असे मथळे नकोत. इरिट्रियात रस्ता बंद केला की लोक खुर्च्या टाकून बसतात. आपल्याकडे रस्ता बंद केला की पहिला प्रश्न ‘किती वेळ?’.

अवांतर: मुलींबद्दल कुणीच बोललं नाही. जुलैमध्ये पुरुषांच्या टूरवर रकाने भरतात, महिलांची टूर सुरू झाली की सगळे गप्प. वेगळा धागा काढणार आहे.

---

गॅलरीतला प्रेक्षक

सखी, नक्की काढा, वाट बघतो.

मला मूळ प्रश्नाकडे यायचंय. २०२५ मध्ये झालं काय? दुखापत?

---

ल्युवेनकर

मला दिसलं ते सांगतो. टूरच्या पहिल्याच दिवशी लील इथे तो दुसरा आला, फिलिपसनच्या मागे. त्या दिवशी फिलिपसनला त्याच्या संघाने अगदी गालिच्यावरून नेल्यासारखं रेघेपर्यंत नेलं. गिरमायला शेवटी स्वतःची वाट स्वतः शोधावी लागली. तो निखळ वेगाचा स्प्रिंटर नाहीच. थोडा चढ असला, शर्यत लांबली, बाकीचे थकले, की तो धोकादायक. २०२४ चा आठवा टप्पा बघा, कोलोंबे गावात शेवटी चढ होता आणि तिथे त्याने फिलिपसनला धुतलं. (कोलोंबे म्हणजे द गॉलचं गाव. वसाहती हातच्या गेल्या त्या जनरलच्या दारात आफ्रिकन पोरगा जिंकला, याचा आमच्या ऑफिसातल्या फ्रेंच माणसाने दिवसभर विनोद केला.)

शिवाय गेल्या वर्षी संघाचंच खरं नव्हतं. इंटरमार्शे आणि लोट्टो एक होणार, कोण राहणार, कोण जाणार, यात मोसम संपला. त्याचा करार बाकी होता, तरी तो बाहेर पडला आणि २०२६ साठी एनएसएन संघात गेला. हा म्हणजे पूर्वीचा इस्रायल–प्रीमियर टेक, आता स्विस नोंदणीचा, आणि त्याच्यामागे फुटबॉलपटू इनिएस्ताची कंपनी.

---

खडूस_नं_१

हे पटलं. लीलची स्प्रिंट मी पुन्हा बघितली, शेवटच्या आठशे मीटरला त्याच्या पुढे त्याच्या रंगाची जर्सी दिसत नाही. पण मग नवीन संघात तरी लीड-आउट, म्हणजे रेघेपर्यंत पुढे राहून वाट काढून देणारे सहकारी मिळणार का? पंचविशी उलटलेल्या स्प्रिंटरला फार वर्षं नसतात.

---

चढउतार

पंचवीस म्हणजे काय म्हातारा? ब्रिटनचा स्प्रिंटर कॅव्हेंडिशने टूरमधला आपला ३५ वा टप्पा २०२४ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी जिंकला. त्याच टूरमध्ये, गिरमायच्या पहिल्या विजयानंतर दोनच दिवसांनी.

मला त्याने हिरव्या जर्सीच्या मागे लागू नये असं वाटतं. वसंतातल्या एकदिवसीय शर्यती हेच त्याचं घर आहे. मिलान–सान रेमो त्याच्या अंगाला बसते, जवळपास तीनशे किलोमीटर, शेवटी पोज्जोचा छोटा चढ आणि मग उतार.

---

मास्तर_निवृत्त

त्याने काय करावे ते त्याला ठरवू द्या! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला काल निरोप पाठवला, तो आता युरोपात असतो. त्याचे उत्तर असे की अस्मारात या विषयावर दोन तट आहेत, एक टूरवाल्यांचा आणि एक क्लासिकवाल्यांचा, आणि हार्नेटवर बसून रोज भांडतात. म्हणजे तुम्ही सारे तिथले नागरिक शोभाल.

---

ल्युवेनकर

ज्यांना बघायचं असेल त्यांच्यासाठी: २९ मार्च २०२६ ला रविवारी त्याची ती जुनी शर्यत, गेंट–वेव्हेलगेम आहे. २०२६ पासून नाव बदललंय, ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’, सुरुवात मिडेलकेर्केला, शेवट वेव्हेलगेमलाच. गिरमाय उतरला-न उतरला तरी मी केमेलबर्गवर असणार. बेल्जियम-नेदरलँड्समधलं कुणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ईपरपर्यंत ट्रेन आहे, पुढे सायकल लागेल. रेनकोट आणा, आणि खायचं घेऊन या, तिथे चिप्सशिवाय काही मिळत नाही.

---

सायकलवाली_सखी

त्या वेळी आइंडहोव्हनला बहिणीकडे असणार आहे. व्यनि केलाय. थालीपीठं चालतील का?